खाच भरण्याआधी कारण शोधा

थंड पाण्याचा घोट घेतला की एखादाच दात कळवळतो. आरशात नीट पाहिले तर हिरडीला लागून त्या दातावर आडवी खाच दिसते. नख फिरवले तर ते तिथे अडकते. घरोघरी याचे दोन अर्थ लावले जातात. एक, दात किडला. दोन, दात नीट घासले जात नाहीत, तेव्हा आता जास्त जोर लावला पाहिजे. पहिला अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. दुसरा तर दाताच्या मुळावरच उठणारा.

हिरडीच्या काठाशी पडणारी ही खाच बऱ्याचदा किडीची नसते, झिजेची असते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी जणांच्या तोंडात अशा एक-दोन खाचा सापडतात आणि वय वाढते तसे त्यांचे प्रमाण आणि खोलीही वाढते. पूर्वी साठीपर्यंत निम्मे दात पडून गेलेले असत. आता माणसे जास्त जगतात आणि त्यांचे दातही जास्त वर्षे टिकतात. साहजिकच झिजलेल्या दातांची संख्या वाढणार आहे. म्हणून या खाचेकडे कसे पाहायचे हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. विशेषतः त्यावर आपल्याकडे जो ठरीव उपचार केला जातो, त्याविषयी बोलायला हवे.

हा उपचार सगळ्यांना ठाऊक आहे. रुग्ण खुर्चीत बसतो, दात दाखवतो, डॉक्टर ‘सिमेंट भरून टाकू’ म्हणतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होते. शिवशिवणे थांबते, रुग्ण खूश होतो. घरी जाऊन तो त्याच ब्रशने, त्याच जोरात, तसेच आडवे-आडवे दात घासू लागतो. वर्ष-दोन वर्षांत सिमेंट निघून येते किंवा शेजारच्या दातावर नवी खाच पडते. मग पुन्हा सिमेंट. यात भरणाऱ्या हाताचा दोष असेलच असे नाही. दोष आहे तो खाच का पडली हे न विचारता ती बुजवण्याचा. छप्पर कुठे गळते हे न पाहता भिंतीला रंग देत राहण्यासारखाच हा प्रकार.

दात नेमका इथेच का झिजतो, हे त्याच्या रचनेत दडलेले आहे. दाताच्या मुकुटावरचे इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यातले सुमारे ९६ टक्के खनिज असते. पण हे कवच सगळीकडे सारख्या जाडीचे नसते. दाढेच्या उंचवट्यांवर ते दोन मिलीमीटरच्या आसपास जाड असते आणि खाली हिरडीकडे येता येता पातळ होत जाऊन दाताच्या मानेशी जवळजवळ संपते. त्याखाली मूळ सुरू होते. मुळाचा गाभा डेंटिनचा, म्हणजे इनॅमलपेक्षा बऱ्याच मऊ पदार्थाचा. त्यावर सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो. काही दातांत तर इनॅमल आणि सिमेंटम एकमेकांना भिडतही नाहीत, मध्ये डेंटिन उघडेच राहते. हिरडी जागेवर असते तोवर हा कमकुवत सांधा झाकलेला असतो. ती खाली सरकली की सांधा उघडा पडतो. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात तोंडात उगवण्यापूर्वीच नाहीशा झालेल्या असतात. हाड मोडले तर सांधते, त्वचा फाटली तर भरून येते. झिजलेले इनॅमल परत येत नाही. जे गेले ते कायमचे.

या झिजेचा पहिला संशयित ब्रश. संशय जुना आहे. दातांची कीड जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे होते, हा सिद्धांत १८९० साली मांडणारे डब्ल्यू. डी. मिलर हे नाव दंतवैद्यकात सर्वपरिचित आहे. याच मिलर यांनी १९०७ साली दातांच्या झिजेवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि त्या काळच्या दंतमंजनांचे घर्षण दाताच्या मानेशी कशा खाचा पाडते हे दाखवले. त्यानंतर शतकभराने, २००८ साली, काढलेल्या दातांवर यंत्राने आडवे ब्रश फिरवून हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला. बाजारात मिळणाऱ्या टूथपेस्टसह ब्रश फिरवला तेव्हा तोंडात दिसतात तशाच खाचा तयार झाल्या. नुसत्या पाण्यात ब्रश फिरवला तेव्हा त्या झाल्या नाहीत. म्हणजे एकट्या ब्रशला दोष देऊन भागत नाही. ब्रश हे हत्यार, पण त्यावरची पेस्ट किंवा मंजन ही त्याची धार. भरड मंजन, कडक ब्रश, हाताचा जोर आणि आडवी करवती चाल असे चौघे एकत्र आले की दाताची मान कापली जाते.

दुसरा संशयित आंबट. चिंच-कैरी खाल्ल्यावर ‘दात आंबले’ असे आपण म्हणतो. आम्लाने दातावर काही परिणाम होतो, हे भाषेला फार पूर्वीच कळले होते. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील खनिज विरघळू लागते. डेंटिनला तर एवढी आम्लताही लागत नाही, ते त्याआधीच मऊ पडू लागते. आमटीत चिंच-गूळ घातला किंवा जेवताना वाटीभर सोलकढी प्यायली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. लाळ हे आम्ल काही वेळात निष्प्रभ करते. प्रश्न येतो तो दिवसभर घोट-घोट प्यायल्या जाणाऱ्या शीतपेयांचा, रोज सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या लिंबूपाण्याचा आणि ते पिऊन लगेच दात घासण्याच्या सवयीचा. आम्लाने मऊ झालेल्या पृष्ठभागावर ब्रश फिरवणे म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा मारणे.

आम्ल बाहेरूनच येते असे नाही. जुनाट ॲसिडिटी, झोपेत घशाशी येणारे आंबट पाणी, वारंवार होणाऱ्या उलट्या यांतून जठरातले तीव्र आम्ल दातांपर्यंत पोहोचते. लाळ कमी झाली तर तिचे संरक्षणही कमी होते आणि रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य अशा विकारांवरच्या काही औषधांनी तोंडाला कोरड पडते. त्यामुळे दाताची खाच ही कधी कधी पोटाच्या तक्रारीची किंवा औषधाच्या दुष्परिणामाची पहिली खूण ठरू शकते. ती नुसती बुजवून टाकली तर ही खूणही बुजते.

तिसऱ्या संशयिताविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. दातांवर तिरपा दाब पडला की दात मानेशी किंचित वाकतो, तिथे ताण एकवटतो आणि इनॅमलचे सूक्ष्म कपचे उडतात, अशी मांडणी १९८४ साली झाली. १९९१ मध्ये या प्रक्रियेला ‘ॲबफ्रॅक्शन’ असे नाव मिळाले. रात्री दात खाणाऱ्यांच्या बाबतीत ही कल्पना पटण्याजोगी वाटते. गणिती प्रारूपांत ताण त्या जागी एकवटताना दिसतोही. मात्र प्रत्यक्ष तोंडात केवळ दाबामुळे अशी खाच पडते, याचा ठोस पुरावा अजून हाती आलेला नाही. हा वाद केवळ पंडितांचा नाही. या कल्पनेच्या आधारे ‘चावा जुळवण्यासाठी’ दातांचे उंचवटे घासून कमी करण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. आधीच झिजणाऱ्या दाताचे निरोगी इनॅमल एका वादग्रस्त सिद्धांताच्या भरवशावर आणखी घासणे योग्य नाही. घासलेले परत येत नाही, हा नियम डॉक्टरांच्या यंत्रालाही लागू आहे. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना लावायची प्लास्टिकची पट्टी हा उलट फिरवता येणारा, म्हणून अधिक शहाणपणाचा उपाय.

प्रत्यक्षात बहुतेक तोंडांत यांपैकी एकच कारण नसते. आम्ल पृष्ठभाग मऊ करते, ब्रश तो खरवडतो. म्हणूनच निदान एका नजरेत होत नाही. ते विचारावे लागते.

चांगला दंतवैद्य आधी ही कीड आहे का ते पाहतो. किडलेली जागा बहुधा तपकिरी-काळपट आणि मऊ असते, तपासणीची सळई तिथे रुतते. झिजेची जागा कठीण, गुळगुळीत, पुष्कळदा चकचकीत असते. मग तो आकार पाहतो. इंग्रजी ‘व्ही’सारखी धारदार खाच घर्षणाकडे बोट दाखवते, बशीसारखा उथळ आणि पसरट खोलगटपणा आम्लाकडे. आकारावरून खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तो जागाही पाहतो. सुळे आणि त्यांच्या मागच्या लहान दाढा दातांच्या कमानीत पुढे आलेल्या असतात, ब्रशचा मार पहिल्यांदा त्यांनाच बसतो. उजव्या हाताने घासणाऱ्याच्या तोंडात डाव्या बाजूचे दात जास्त झिजलेले असतील तर संशय ब्रशवर जातो. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत झिजली असेल तर तिथे ब्रशचा जोर सहसा पोहोचत नाही. मग पोटातल्या आम्लाविषयी विचारावे लागते आणि गरज पडल्यास रुग्णाला पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवावे लागते.

यापुढे हिरडी किती मिलीमीटर सरकली आहे ते मोजले जाते. दाताची नस जिवंत आहे ना, हे थंड स्पर्शाने किंवा विजेच्या सौम्य चाचणीने पाहिले जाते. शंका असेल तर एक्स-रे काढतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. ही झीज आजही चालू आहे की पूर्वी कधीतरी होऊन थांबली आहे? याचे उत्तर एका भेटीत मिळत नाही. म्हणून फोटो काढून ठेवायचे, दातांचा साचा घ्यायचा किंवा सोय असेल तिथे स्कॅन करायचे आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा ताडून पाहायचे. काही डॉक्टर झिजलेल्या जागेवर पात्याने बारीकसा ओरखडा ओढून ठेवतात. पुढच्या भेटीत तो ओरखडा पुसला गेला असेल तर झीज सुरूच आहे. साधी, जवळजवळ बिनखर्चाची ही युक्ती.

हे सारे कळल्यावर उपचाराचा क्रमही बदलतो. पहिली पायरी म्हणजे कारण थांबवणे. मऊ ब्रश, हलका हात आणि वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ब्रश मुठीत न धरता पेन धरतो तसा बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. तो हिरडीच्या काठाशी तिरपा ठेवून छोट्या हालचाली करायच्या, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरायची. इथे एक इशारा आवश्यक आहे. दात दुखतो म्हणून तिथे ब्रश फिरवणेच बंद करणारे पुष्कळ असतात. मग त्या खाचेत थर साचतो आणि झिजेच्या जागी खरोखरची कीड लागते. जोर कमी करायचा, घासणे नव्हे.

दुसरी पायरी शिवशिवण्याची. डेंटिनमध्ये दाताच्या नसेपर्यंत जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. वरचे कवच गेले की थंडी किंवा हवा लागताच नळ्यांतला द्रव हलतो आणि नस कळवळते. ‘सेन्सिटिव्ह’ दातांसाठीच्या पेस्टमधील पोटॅशियमचे क्षार नसेची संवेदना मंदावतात, तर स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिनसारखे घटक या नळ्यांची तोंडे बुजवतात. हा परिणाम एका दिवसात दिसत नाही, काही आठवडे नियमित वापर करावा लागतो. तेवढ्याने भागले नाही तर दवाखान्यात फ्लोराइडचा लेप लावतात. अनेकांचा त्रास इथेच आटोक्यात येतो.

सिमेंट भरणे ही तिसरी पायरी. खाच खोल असेल, साधारण मिलीमीटरहून अधिक, ती वाढत असेल, शिवशिवणे इतर उपायांनी थांबत नसेल, तिथे अन्न आणि थर अडकत असेल, नसेपर्यंत पोहोचण्याची भीती असेल किंवा हसताना दिसून माणसाला संकोच वाटत असेल, तर भरणे योग्यच. त्यासाठी दोन मुख्य पदार्थ आहेत. ग्लास आयोनोमर हे सिमेंट ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आले. ते दाताला रासायनिक बंधाने चिकटते आणि थोडे फ्लोराइडही सोडते. कॉम्पोझिट दाताच्या रंगाशी अधिक जुळते, पण ते बसवताना जागा पूर्ण कोरडी लागते आणि हिरडीच्या काठाशी, लाळेच्या शेजारी ते कठीण काम. शिवाय वर्षानुवर्षे झिजून चकचकीत झालेल्या डेंटिनवर ते सहज चिकटत नाही. या भागातले भरण इतर ठिकाणच्या मानाने लवकर का निघते, याचे हेही एक कारण आहे. हिरडी फारच सरकली असेल तर टाळूतील ऊतीचा तुकडा लावून मूळ झाकण्याची शस्त्रक्रिया करतात. रूट कॅनालची पाळी येते ती नस कायमची दुखावली गेल्यावरच. उथळ, कठीण, न दुखणारी आणि न वाढणारी खाच असेल तर तिच्यावर नजर ठेवणे हाही पूर्ण उपचार आहे, ती हयगय नव्हे.

महाराष्ट्र आणि गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मशेरी, म्हणजेच मिश्री. तंबाखू भाजून केलेली ही काळी भुकटी आजही अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांच्या सकाळची सोबतीण आहे. दात घासण्याच्या निमित्ताने ती तोंडात जाते आणि व्यसन होऊन राहते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत कायद्याचा हात कसा पोहोचणार? मशेरीचा मोठा धोका अर्थातच तोंडाचा कर्करोग हा आहे, दातांची झीज त्यापुढे किरकोळ. मात्र खाच दाखवायला आलेल्या बाईला ‘काय लावता?’ असे डॉक्टरांनी आपुलकीने विचारले तर एका प्रश्नात दोन्ही गोष्टी उघड होतात. हा प्रश्न न विचारता खाच बुजवून पाठवणे म्हणजे हाती आलेली मोठी संधी दवडणे.

राखुंडी, विटेची पूड, कोळसा, मीठ यांनी दात घासण्याची रीत मागे पडली असे वाटत असतानाच कोळसा चकचकीत ट्यूबमध्ये बसून परत आला आहे. ‘नैसर्गिक’ आणि ‘शुभ्र’ या दोन शब्दांना भुलून भरड पदार्थ दातांवर घासण्यात शहाणपण नाही. पेस्ट डेंटिनला किती खरवडते हे मोजण्याचे प्रमाण जगात ठरलेले आहे. त्याला आरडीए म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५० ही त्याची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडील वेष्टनांवर हा आकडा सहसा सापडत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापता येते, तर रोज दोनदा दातांवर फिरणाऱ्या पेस्टची आणि मंजनाची खरखर किती, हे का छापू नये? ते बंधनकारक करायला हवे.

व्यवस्थेचा एक दोषही मान्य करावा लागेल. दंतवैद्याला पैसे मिळतात ते भरण्याचे. वीस मिनिटे बसून प्रश्न विचारण्याचे, ब्रश कसा धरायचा हे शिकवण्याचे सहसा कोणी वेगळे पैसे देत नाही. सल्ल्याची फी रुग्णालाही फुकट गेल्यासारखी वाटते. दातांचे नेहमीचे उपचार साधारण आरोग्यविम्यात धरले जात नाहीत, त्यामुळे खर्च खिशातूनच होतो. अशा वेळी आज शंभर रुपये वाचवणारा सल्ला नको वाटतो आणि दर दोन वर्षांनी निघणारे सिमेंट चालते. हे गणित रुग्ण आणि डॉक्टर दोघांनीही बदलायला हवे.

त्याची सुरुवात दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या करता येईल. ‘सिमेंट भरू’ हे शब्द ऐकू आले की तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टर, ही खाच कशामुळे पडली? ती अजून वाढते आहे का? आणि आज भरली नाही तर काय होईल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही, कदाचित बरेच वाटेल. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतर भरलेले सिमेंट टिकण्याची शक्यता जास्त असते. आणि पुष्कळदा ते भरावेच लागत नाही.